संग्रहातील दुबार कॉमिक्स कोणाला आणि कशी द्यावीत?

दुबारप्रत (प्रश्न)

संग्रहाची यादी करण्याचे काम मी कित्येक वर्षे पुढे ढकलत होतो. अखेर गेल्या महिन्यात ते हाती घेतले आणि यादी पूर्ण झाली तेव्हा असे दिसले, की मूळ प्रती सोडून तब्बल ४१२ प्रती जादा आहेत. इतकी दुबार भरती झाली कशी, याचा माग काढल्यावर तीन कारणे सापडली. एखादी मालिका आधी सुट्या अंकांत घेतली आणि पुढे ती एकत्रित, बांधीव खंडात निघाल्यावर तो खंडही घेतला. एका गहाळ अंकासाठी कोणाचा तरी अख्खा गठ्ठा उचलला आणि त्यातले बाकीचे तीस अंक आधीपासूनच घरात होते. तिसरे कारण कबूल करायला थोडे लाजिरवाणे आहे, ते म्हणजे विसर. मुखपृष्ठ ओळखीचे वाटते म्हणून अंक हातात घेतो, आवडतो म्हणून विकत घेतो आणि तो ओळखीचा का वाटत होता हे घरी आल्यावर कळते.

या प्रती मला विकायच्या नाहीत. फुकट द्यायच्या आहेत, मात्र त्या वाचल्या जाव्यात एवढी इच्छा आहे. अडचण अशी, की एकदा हात पोळलेला आहे. तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांना त्यांच्या मुलांसाठी म्हणून साठ अंक दिले होते आणि त्यात एका मालिकेचे ओळीने चौदा अंक होते. काही आठवड्यांनी तेच अंक विक्रीला ठेवलेले दिसले. ते माझेच, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तिसऱ्या अंकाच्या मलपृष्ठावर कपाच्या बुडाचे अर्धे वर्तुळ उमटलेले आहे आणि ते माझ्याच निष्काळजीपणामुळे उमटलेले आहे. चौदाही अंक सुटे सुटे विकायला काढले होते, याचे वाईट मला विक्रीपेक्षाही जास्त वाटले. तेव्हापासून दुबार प्रतींची तीन खोकी कपाटाखाली पडून आहेत. कोणाला तरी द्यायचे ठरवतो, खोके ओढून बाहेर काढतो आणि पुन्हा आत सारतो.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे, की देण्याआधी कोणत्या प्रती वेगळ्या काढाव्यात, म्हणजे पुढे हळहळ वाटणार नाही? ग्रंथालये अशी कॉमिक्स स्वीकारतात का? एका मालिकेचे अंक एकत्रच राहावेत आणि ते कोणी विकू नयेत, अशा अटी घालणे रास्त आहे का, की तो नुसता हट्ट ठरेल?


बारीक टाइप

दुबार कशाला म्हणायचे ते आधी ठरवू या, कारण यादीत एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी आल्या म्हणजे दोन्ही प्रती सारख्याच आहेत असे होत नाही. अंकाच्या आतल्या मुखपृष्ठावर किंवा सुरुवातीच्या एखाद्या पानाच्या तळाशी प्रकाशनाचा तपशील अगदी बारीक टाइपात छापलेला असतो. आपण तो सहसा वाचत नाही, पण ही पहिली छपाई की पुढची, हे बहुतेक वेळा तिथेच कळते. काही अंक एकाच वेळी निरनिराळ्या मुखपृष्ठांनी निघालेले असतात, त्यामुळे तिकडेही एक नजर टाकावी. बांधीव खंडाचे म्हणाल, तर त्यात बहुधा फक्त गोष्ट पुन्हा छापतात. वाचकांची पत्रे, त्या काळच्या जाहिराती आणि संपादकाची मिश्किल टिपणे गळालेली असतात. माझ्यासारख्या माणसाला पत्रांचे पान गोष्टीइतकेच प्रिय असल्यामुळे मी सुटे अंक ठेवून खंड देऊन टाकतो. ज्याला झोपण्यापूर्वी सलग गोष्ट वाचायची आहे, त्याने खुशाल उलटे करावे.

खऱ्या अर्थाने दुबार असलेल्या दोन प्रती टेबलावर शेजारीशेजारी ठेवा आणि दोन्हींचे मधले पान उघडा. ते दोन्ही पिनांत नीट अडकलेले आहे, की एकाच पिनेवर लोंबते आहे? पिनेभोवती गंजाचा तांबूस डाग पसरला आहे का? मग अंक मिटून कण्याकडे पाहा. सतत उघडझाप झालेल्या अंकाच्या कण्याला बारीक आडव्या सुरकुत्या पडतात आणि त्या जागी शाई उडून पांढऱ्या रेषा दिसू लागतात. शेवटी पाने मोजा, आणि खरोखरच एकेक करून मोजा, कारण जुन्या अंकांतली कूपने मुलांनी कात्रीने कापलेली असतात आणि कूपन गेले की पानाच्या मागच्या बाजूचा तेवढा भागही जातो. मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने १९७४ मध्ये पत्रांच्या पानावर कापून जमवायची चित्र-तिकिटे छापायला सुरुवात केली आणि असंख्य मुलांनी ती इमानाने कापली. पुढे फार गाजलेले वुल्व्हरिन हे पात्र ज्यात पहिल्यांदा पूर्ण गोष्टभर वावरले, तो ‘इन्क्रेडिबल हल्क’चा १८१वा अंक त्याच वर्षीचा. तो हाती आला की जाणकार माणूस आधी ते पान उघडून तिकीट जागेवर आहे का ते पाहतो.

यातूनच हळहळीचा प्रश्न सुटतो, निदान माझा सुटला. ‘हा अंक उद्या मौल्यवान ठरला तर?’ ही भीती बहुतेकांच्या मनात असते आणि ती बहुतेकांच्या बाबतीत निराधार असते. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला गुंतवणूक म्हणून कॉमिक्स घेऊन ठेवण्याची लाट आली होती. १९९१ साली निघालेला ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांनी छापला गेला आणि त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘सुपरमॅन’ मालिकेचा ७५वा, त्याच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून आला, तेव्हा लोकांनी एक प्रत वाचायला आणि दुसरी न उघडता ठेवायला म्हणून घेतली. ती न उघडलेली प्रत आजही लाखो कपाटांत पडून आहे, आणि म्हणूनच तिचे कोणाला अप्रूप नाही. उलट सुपरमॅनचे पदार्पण झालेला १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक दुर्मिळ झाला, तो त्या वेळी कोणी जपून ठेवला नाही म्हणून. मुलांनी वाचून टाकून दिला, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या तेव्हा अशी गठ्ठेच्या गठ्ठे कॉमिक्स लगद्यात गेली.

तेव्हा एखाद्या महत्त्वाच्या पात्राचे पहिले दर्शन, फार जुनी छपाई किंवा अगदी कमी प्रतींत निघालेला अंक एवढेच बाजूला काढून त्यांची शहानिशा करा. ती करताना विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नका, प्रत्यक्षात सौदा ज्या किमतीला झाला ती पाहा. मागायला काय, कोणीही काहीही मागतो. उरलेल्या प्रतींना बाजारात फारसे मोल नाही हे एकदा पटले, की कोणी त्या विकेल याची धास्तीही आपोआप कमी होते.


दाखलक्रमांक

ग्रंथालयाच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण माझी नोकरी त्यातच गेली. आपण देऊ केलेली कॉमिक्स ग्रंथालयाने नाकारली तर कृपया तो कॉमिक्सचा अपमान समजू नये. नाकारण्याचे कारण बहुतेक वेळा पिना हे असते. मधोमध पिना मारलेल्या बत्तीस पानी अंकाला सपाट कणा नसतो, त्यामुळे त्यावर क्रमांकाची चिठ्ठी लावता येत नाही. तो फळीवर उभा राहत नाही, दोन जाड पुस्तकांच्या मध्ये घसरून दिसेनासा होतो आणि थोड्याच वेळा घरी जाऊन आला की मुखपृष्ठ एकीकडे आणि पाने दुसरीकडे अशी त्याची गत होते. वर त्याची नोंद करायला, शिक्का मारायला आणि यादीत चढवायला जाड कादंबरीइतकाच वेळ लागतो. म्हणून ग्रंथालयाला द्यायचे तर बांधीव खंड द्यावेत, ते तिथे आनंदाने घेतले जातील. मागच्या प्रतिसादात सुटे अंक ठेवून खंड देण्याविषयी जे लिहिले आहे, ते ग्रंथालयाच्या दृष्टीनेही सोयीचे आहे.

देण्याआधी यादी पाठवावी. मालिकेचे नाव, क्रमांक, वर्ष, प्रतीची अवस्था आणि कोणत्या वयाच्या वाचकासाठी, एवढी माहिती त्यात असली की ग्रंथपालाला खोके न उघडता निर्णय घेता येतो. यादी न पाठवता खोके थेट दाराशी ठेवून जाणारे दाते मी पुष्कळ पाहिले आहेत. एकदा सकाळी कुलूप काढायला गेलो तर पायरीवर तीन खोकी, रात्रभर पावसात भिजलेली. वरच्या खोक्यातले अंक फुगून एकमेकांना असे चिकटले होते, की सोडवताना एका पानाचे चित्र दुसऱ्या पानावर उलटे उमटून येत होते. दाता कोण ते कधीच कळले नाही. त्याला बहुधा वाटत असेल, की मुले अजून ती वाचत आहेत.

वयाचा मुद्दा किरकोळ नाही. कॉमिक्स म्हणजे मुलांचे वाङ्मय असे समजून सगळा गठ्ठा बालविभागाकडे पाठवला जातो आणि त्यातला निम्मा मोठ्यांसाठी लिहिलेला असतो. जुन्या अमेरिकी अंकांपुरती एक खूण उपयोगी पडते. १९५४ मध्ये तिथल्या प्रकाशकांनी स्वतःसाठी आचारसंहिता केली आणि तिला मान्य असलेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर छोटा शिक्का छापला जाऊ लागला. २०११ मध्ये उरलेल्या प्रकाशकांनीही तो सोडला, तोवर ही पद्धत टिकली. शिक्का असला तर मजकूर साधारणपणे सौम्य असतो, पण शिक्का नाही म्हणजे अंक वाईट आहे असे मुळीच नाही. अशा वेळी स्वतः वाचून ठरवण्याला पर्याय नाही. आपल्याकडे ४१२ प्रती आहेत आणि आपण त्या एकदा तरी वाचल्याच असतील, त्यामुळे हे काम ग्रंथपालापेक्षा आपणच अधिक चांगले कराल.

विशेष संग्रह करणाऱ्या संस्थांची गोष्ट निराळी असते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील बिली आयर्लंड व्यंगचित्र ग्रंथालय १९७७ पासून हेच काम करते, मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयातला कॉमिक्सचा संग्रह नावाजलेला आहे आणि जपानमधील क्योतो येथे २००६ साली खास मांगासाठी, म्हणजे जपानी कॉमिक्ससाठी, संग्रहालय उघडले. अशा ठिकाणी सुटा, पातळ अंकसुद्धा काळजीपूर्वक जपला जातो. परंतु आपल्यासारख्याच त्यांच्याही दुबार प्रती साठत असणार, म्हणून तिथे आपली यादी त्यांच्या यादीशी ताडून पाहावी आणि त्यांच्याकडे नसलेला अंक असेल तरच तो देऊ करावा.

आता ‘विकू नका’ या अटीविषयी. ग्रंथालयाला अशी अट घालू नये. दान आलेल्यांपैकी जे फळीवर बसत नाही ते विकून नवी पुस्तके घेणे ही पुष्कळ ग्रंथालयांची रीत असते. अट घातली की न चालणारा अंक टाकताही येत नाही आणि ठेवताही येत नाही, म्हणून अटीसह आलेले खोके बरेचदा दारातूनच परत जाते.

एक इशारा देऊन थांबतो. ज्या खोक्याला कुबट वास येतो ते कोणालाही देऊ नये. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरण्याचा धोका असतो, आणि बुरशीचा एक अंक नव्या घरातल्या चांगल्या अंकांनाही बाधतो. कसर लागली असेल तर उपाय आहे: अंक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे २० अंश सेल्सियस तापमानात किमान आठवडाभर ठेवावेत आणि बाहेर काढल्यावर पिशवी उघडण्याआधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत, नाहीतर पानांवर दव धरते. बुरशीवर मात्र या थंडीचा उपयोग होत नाही. तिची वाढ तेवढ्यापुरती थांबते, ती मरत नाही.


चौथा ते नववा

वर जे लिहिले गेले ते सगळे देणाऱ्यांच्या बाजूचे आहे. मी घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दोन शब्द लिहितो.

मी अकरा वर्षांचा असताना एका दूरच्या नातेवाइकाने मला कॉमिक्सचा एक गठ्ठा दिला. त्यात एका मालिकेचे चौथा, पाचवा, सहावा, आठवा आणि नववा असे अंक होते. सहाव्याच्या शेवटी नायक पाण्याने भरत चाललेल्या तळघरात अडकतो आणि आठव्याच्या सुरुवातीला तो एका गच्चीवर, कोरड्या कपड्यांत, कोणाशी तरी वाद घालत उभा असतो. मधल्या काळात काय घडले, याचा मी जितका विचार केला तितका शाळेतल्या कोणत्याही प्रश्नाचा केला नसेल. एकोणीस वर्षांनी तो सातवा अंक मला मिळाला. नायकाचा मित्र वरून दार उघडतो आणि तो बाहेर येतो, एवढेच. उरलेला अर्धा अंक मागील कथानकाच्या उजळणीत गेला होता.

तेव्हा मालिका तुटू नये हा तुमचा आग्रह मला समजतो, पण त्यापायी खोके कपाटाखाली पडून राहणार असेल तर तो आग्रह मला पटत नाही. तुटकी मालिकाही वाचली जाते. फक्त गठ्ठ्यात एक चिठ्ठी घालावी, की अमुक अंक यात नाही. मला ते कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे कित्येक महिने मी समजत होतो, की सातवा अंक माझ्याच हातून हरवला, आणि हे त्या नातेवाइकाला सांगायची मला भीती वाटत होती.

विक्रीच्या अटीबाबत मी दाखलक्रमांक यांच्याही पुढे जाऊन म्हणेन, की ती व्यक्तीलाही घालू नये. दिलेल्या वस्तूवर पाळत ठेवायची असेल तर ती दिली असे म्हणता येत नाही, ती नुसती ठेवायला दिलेली असते. तुमच्या त्या गृहस्थांनी केले ते योग्य होते असे मी म्हणत नाही. पण ज्याने त्यांच्याकडून ते चौदा अंक एकेक करून विकत घेतले, त्याने ते पैसे मोजून, निवडून घेतले, म्हणजे तो ते नक्की वाचणार होता, हेही खरे.


बारीक टाइप

शेवटचा मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. एकाच माणसाला साठ अंक दिले, यातच खरी चूक झाली असे मला वाटते. साठ अंकांचा ढीग पाहून कोणालाही तो आधी साठा वाटतो आणि नंतर वाचनाची सामग्री. मी एका वेळी एक कथानक देतो, म्हणजे चार, पाच, फार तर सहा अंक. ते सुती फितीने सैलसर बांधतो. रबर कधीही लावत नाही, कारण ते अंकाच्या कडा दुमडते, आणि काही वर्षांनी सुकून कागदाला चिकटते ते निराळेच. ते वाचून झाल्यावर समोरच्याने आपण होऊन पुढचे मागितले, तर पुढचे देतो. मागितले नाही तर त्या माणसाला कॉमिक्सची गोडी नाही, एवढे पाच अंकांत कळते; साठ घालवावे लागत नाहीत. या पद्धतीने ४१२ प्रती संपायला वेळ लागेल हे खरे, परंतु जमवायला अठ्ठावीस वर्षे लागली असतील तर संपवायला दोन वर्षे लागू द्यावीत.


रेघोट्या

मी चित्रकलेचा वर्ग घेते आणि माझी मागणी इतरांपेक्षा अगदी वेगळी आहे. तुम्ही ज्या प्रती कोणाला देण्यालायक नाहीत म्हणून बाजूला काढाल, त्या आम्हाला हव्या असतात. मुखपृष्ठ नाही, मधले पान गळाले आहे, कोणी पेनाने मिशा काढल्या आहेत, असे सगळे चालते. बुरशी तेवढी नको. पानावरच्या चौकटी कापून, त्यांचा क्रम बदलून गोष्ट नव्याने जुळवणे हा अभ्यास छापील पानावर जितका चांगला होतो तितका पडद्यावर होत नाही. संवादाच्या फुग्यांवर पांढरा कागद चिकटवून नवे संवाद लिहायला दिले, की एरवी दोन ओळी लिहायला कुरकुर करणारी मुलेही तासभर मान वर करत नाहीत. जुन्या अंकांतले छपाईचे रंगीत ठिपके भिंगाखाली पाहणे हा तर स्वतंत्र तास होतो: त्वचेचा रंग म्हणजे विरळ लाल आणि पिवळे ठिपके आहेत, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणाचा विश्वास बसत नाही. चांगली प्रत कापायला द्या असे मी कधीच म्हणणार नाही, पण जी रद्दीतच जाणार आहे तिच्यासाठी असा वर्ग शोधावा.

नवी भाषा शिकणाऱ्या प्रौढांच्या वर्गालाही त्या भाषेतली कॉमिक्स फार उपयोगी पडतात, कारण वाक्ये छोटी असतात आणि अडलेला शब्द पुष्कळदा चित्रावरून उमगतो. तुमच्या संग्रहात मांगा असेल आणि घेणारा नवखा असेल, तर पहिल्या पानावर एक चिठ्ठी आठवणीने लावा, की हे पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचे आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने एक अख्खा खंड उलट्या क्रमाने वाचून काढला आणि शेवटी, म्हणजे खरे तर सुरुवातीला, मेलेला माणूस जिवंत झाला हे तिला फारच आवडले.

रुग्णालयाच्या मुलांच्या विभागात देण्याचा विचार असेल तर आधी विचारून घ्या. वापरलेली पुस्तके घ्यायची की नाही, हे तिथे संसर्ग टाळण्याच्या नियमांवर ठरते आणि काही ठिकाणी फक्त नवी, न उघडलेली पुस्तकेच चालतात.


दुबारप्रत

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे याच कामात होतो, त्याचा हिशोब देतो. बारीक टाइप यांनी सांगितल्याप्रमाणे प्रती शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा २७ प्रती दुबार नव्हत्याच असे निघाले. छपाई तरी निराळी होती किंवा मुखपृष्ठ तरी. अकरा अंकांच्या बाबतीत मी आजवर जपून ठेवलेली प्रत वाईट आणि खोक्यात टाकलेली चांगली होती, तेव्हा त्यांची अदलाबदल केली. तळाच्या खोक्यातल्या १९ प्रतींना बुरशी धरली होती, त्या जड मनाने टाकून दिल्या आणि ते खोकेही टाकले. फाटक्या-तुटक्या ४६ प्रती चित्रकलेच्या एका वर्गाने आनंदाने घेतल्या. बांधीव खंड २३ होते, त्यांची यादी एका ग्रंथालयाला पाठवली आणि त्यांनी १८ ठेवून घेतले. नाकारलेले पाच माझ्याकडे परत आले आहेत. उरलेल्या अंकांचे चार-पाचांचे गठ्ठे करतो आहे. अट कोणतीही घालणार नाही असे ठरवले आहे, आणि हे लिहिताना मला वाटले होते तितके जड गेले नाही.

एक शंका राहिली. काही अंकांची पाने उत्तम आहेत, पण पिना पूर्ण गंजल्या आहेत आणि उघडताना हाताला तांबूस भुकटी लागते. असे अंक मुलांच्या हातात द्यावेसे वाटत नाहीत. पिना बदलता येतात का?


दाखलक्रमांक

बदलता येतात. प्रत संग्राहकाला द्यायची असेल तर हात लावू नये, कारण मूळ पिना काढल्या की त्याच्या दृष्टीने प्रतीचा दर्जा उतरतो. वाचायला द्यायची असेल तर अवश्य बदलाव्यात. अंक मधल्या पानावर उघडून सपाट ठेवावा आणि पिनेचे दुमडलेले पाय बोथट, पातळ पात्याने हळूच उभे करावेत. पिनेखाली आधी कागदाचा जाड तुकडा सरकवावा, म्हणजे पाते निसटले तरी पानाला इजा होत नाही. पाय सरळ झाले की अंक तसाच धरून पिन बाहेरच्या बाजूने ओढून घ्यावी. गंजाची भुकटी मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी. ओला कपडा लावू नये, डाग पसरतो. त्यानंतर नवी पिन मारण्यापेक्षा जुन्याच छिद्रांतून सुती दोरा ओवावा. सुई आतून एका छिद्रातून बाहेर काढावी, दुसऱ्यातून आत आणावी आणि गाठ मधल्या पानावर मारावी. गाठ फार घट्ट ओढू नये, नाहीतर दोरा कागद कापतो. चिकटपट्टी कोणत्याही परिस्थितीत लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक पानात मुरतो आणि मग तो डाग काही केल्या निघत नाही.


दुबारप्रत

काल रात्री चार अंक शिवले. पहिल्याची गाठ जास्त घट्ट झाली आणि मधले पान छिद्रापाशी केसभर फाटले, म्हणून तो अंक स्वतःकडे ठेवून माझ्या संग्रहातली चांगली प्रत गठ्ठ्यात घातली. पुढचे तीन ठीक जमले. पांढरा दोरा संपल्यामुळे शेवटचा अंक निळ्या दोऱ्याने शिवला आहे, तो बाहेरून जरा विचित्र दिसतो. पहिला गठ्ठा उद्या सकाळी एका बारा वर्षांच्या मुलीकडे जाईल. त्यात बाविसावा ते सत्ताविसावा असे अंक आहेत, फक्त पंचविसावा नाही. वरच्या चिठ्ठीत तसे लिहिले आहे.